पालथा घडा, उभा चढ आणि शिकण्याचा आलेख

“याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!” शिकवणीत आणि घरीही हे वाक्य सहज बोललं जातं. काल शिकवलेलं आज सांगता आलं नाही, म्हणजे ते आत गेलंच नाही, असा त्यामागचा समज.

वस्तुस्थिती वेगळी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगटांची यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत ते पाठ करत, मध्ये काही काळ जाऊ देत आणि तीच यादी पुन्हा पाठ करत. दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला, हे त्यांचं माप. विसरणं झपाट्याने होत होतं. तासाभरातच ही बचत निम्म्याखाली येई. पण ३१ दिवसांनंतरही सुमारे २१ टक्के वेळ वाचत होता. यादी विसरली होती, तरी आधीची मेहनत वाया गेलेली नव्हती.

दुसरा गैरसमज ऑफिसातला. नवं सॉफ्टवेअर आलं की “याचा लर्निंग कर्व्ह फार स्टीप आहे” असं म्हणतात, तेव्हा डोळ्यांपुढे दमछाक करणारा घाट असतो. आलेखात मात्र आडव्या अक्षावर सराव आणि उभ्या अक्षावर कौशल्य मांडलं, तर उभ्या चढाचा अर्थ थोड्या सरावात भरपूर प्रगती. बोलण्यात ‘अवघड’ हाच अर्थ रुळला आहे आणि तो बदलायचं कारण नाही. पण मुलाच्या प्रगतीचा आलेख वाचताना आधी अक्ष बघावेत.

“गाडी अडली, आता पुढे जायची नाही” हा निकालही घाईचा. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ मध्ये अमेरिकेतल्या तारायंत्र शिकणाऱ्यांचे आलेख मांडले. संदेश ऐकून उतरवण्याचा वेग बराच काळ एका जागी थांबे आणि मग पुन्हा वाढे. सुटी अक्षरं ऐकणारा कान हळूहळू सबंध शब्द ऐकू लागतो, असा त्यांचा खुलासा. पुढच्या संशोधकांना असं पठार दर वेळी सापडलं नाही, त्यामुळे तो नियम मानू नये. पण वेग थांबला म्हणजे शिकणं संपलं, असंही नाही.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती: मुलाला पालथा घडा ठरवण्याआधी तोच धडा आठवड्याने पुन्हा शिकवा आणि या वेळी किती कमी वेळ लागला, ते घड्याळ लावून बघा.