श्वासाची साक्ष

रस्ता हा साऱ्यांचा असतो. शाळेला निघालेली मुले, बाजाराला जाणारा शेतकरी, काठी टेकीत चालणारा वृद्ध आणि वेगाने धावणारी मोटार ही सर्व एकाच रस्त्याने जातात. परस्परांची ओळख नसतानाही ती परस्परांवर विश्वास ठेवतात. समोरून येणारा चालक सावध आहे, असे मनाशी धरूनच प्रत्येक जण पाऊल पुढे टाकतो. हा विश्वास मोडला, की रस्त्यावर अनर्थ ओढवतो. भारतात २०२२ या एकाच वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सुमारे १९. या साऱ्यांस मद्यच कारण झाले असे नाही. अतिवेगाचा वाटा त्यात सर्वांत मोठा आहे. परंतु मद्यपान करून वाहन चालविणे हे असे कारण आहे की, ते मनुष्य आपल्या हाताने निर्माण करतो आणि मनात आणल्यास पूर्णपणे टाळू शकतो.

मद्य पोटात गेले म्हणजे त्याला अन्नासारखे पचावे लागत नाही. जठर व लहान आतडे यांच्या भिंतींतून ते सरळ रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूत पोहोचते. तेथे गेल्यावर ते मेंदूचे काम मंद करते. रस्त्यात अचानक बैलगाडी दिसली तर डोळ्यांनी ती पाहावी, मेंदूने निर्णय करावा आणि पायाने ब्रेक दाबावा, एवढ्यास सावध चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. मद्यामुळे पाय अर्धा सेकंद जरी उशिरा हलला, तरी मोटार आणखी १० मीटर पुढे गेलेली असते. त्या १० मीटरांतच एखादे मूल रस्ता ओलांडीत असेल, तर त्याचे काय होईल?

याहूनही मोठी हानी निराळीच आहे. पावले अडखळू लागण्यापूर्वीच मनुष्याचा विवेक ढळलेला असतो. म्हणून ‘थोडीशीच घेतली आहे, मला काही होत नाही,’ असे तो म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलतो असे नव्हे. त्याला खरोखरच तसे वाटत असते. तराजूच बिघडला, तर वजन खरे कसे कळावे? आपण शुद्धीवर आहोत की नाही, हे ज्या मेंदूने ठरवायचे, त्याच मेंदूवर मद्याचा अंमल बसलेला असतो. यासाठी बाहेरच्या मापाची आवश्यकता निर्माण झाली.

हे माप मिळण्यास पुष्कळ वर्षे लागली. १८९७ च्या सप्टेंबर महिन्यात लंडन शहरात जॉर्ज स्मिथ नावाच्या चालकाने विजेवर चालणारी आपली भाड्याची गाडी पदपथावर चढवून एका इमारतीवर आदळली. आपण दोन-तीन पेले बिअर घेतली होती, अशी त्याने कबुली दिली व त्याला दंड झाला. परंतु जो कबुली देत नसे, त्याचे काय करावे? त्याची चाल, बोलणे आणि तोंडाचा वास एवढ्यावरूनच सारे ठरवावे लागे.

ही अडचण श्वासाने दूर केली. फुप्फुसांत रक्त आणि हवा अगदी निकट येतात. रक्तातील मद्याचा काही अंश वाफेच्या रूपाने त्या हवेत मिसळतो. रक्तात मद्य अधिक, तर श्वासातही अधिक. हे प्रमाण ध्यानात घेऊन १९५४ साली अमेरिकेतील रॉबर्ट बोर्केनस्टाइन याने श्वास तपासण्याचे सुटसुटीत यंत्र तयार केले.

पुढे १९६७ साली ब्रिटनच्या वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांनी श्वासतपासणीचा कायदा अमलात आणला. पिवळे स्फटिक भरलेल्या काचेच्या नळीत चालकाला फुंकावयास लावीत. श्वासात मद्य असले, की ते स्फटिक हिरवे होऊ लागत. कॅसल यांना स्वतःला मोटार चालविता येत नसे. त्यामुळे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. तरीही त्या डगमगल्या नाहीत. पहिल्या बारा महिन्यांत त्या देशातील अपघाती मृत्यू १,१०० हून अधिक संख्येने घटले. मात्र तपासणी क्वचितच होते, हे लोकांच्या ध्यानात आल्यावर कायद्याचा धाक ओसरू लागला. पेटीत पडून राहिलेले यंत्र साक्ष देत नाही, हाच त्याचा बोध होय.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य ही मर्यादा घातली आहे. ती ओलांडून वाहन चालविणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ साली रात्री रस्त्यारस्त्यांवर चालकांचे श्वास तपासण्याची मोहीम हाती घेतली.

लिंबूपाणी प्याले, कडक कॉफी घेतली अथवा थंड पाण्याने स्नान केले म्हणजे नशा उतरते, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. रक्तातील मद्य नाहीसे करण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि ते आपल्या ठरलेल्या गतीनेच करते. त्याला कित्येक तास लागतात.

तथापि प्रत्येक वळणावर पोलीस उभा राहू शकत नाही. जेथे यंत्र नसते, तेथे सोबतच्या माणसांनी साक्षी व्हावयाचे असते. मद्य घेतलेल्या मनुष्याच्या हातून गाडीची किल्ली काढून घेणारा मित्र, वा अशा गाडीत बसण्यास नम्रपणे परंतु ठामपणे नकार देणारे मूल, हे त्याचा अपमान करीत नाहीत. ते त्याचे प्राण वाचवितात. आणि ज्याचे नावही त्यांना ठाऊक नाही, अशा रस्त्यावरच्या एखाद्या वाटसरूचेही.