गाडीतला टेप लागत नाही? नवा सेट घेण्याआधी तीन वायरी तपासा

कॅसेट गेली, सीडीही गेली, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथचे दिवस आले. पण गाडीतल्या स्टिरिओला आमच्या देवळाली कॅम्पात जुनी माणसे आजही ‘टेप’च म्हणतात. लॅम रोडने नाशिकरोडकडे निघालेल्या गाडीत मागे बसलेले आजोबा ‘‘टेप लाव रे’’ म्हणतात आणि नातू मोबाईल जोडतो. ज्यांची चूल गाडीवर पेटते त्यांच्यासाठी टेप ही चैन नाही. पाहुण्यांना त्र्यंबकेश्वर, शिर्डी, पांडवलेणी दाखवून आणणाऱ्या ड्रायव्हर बंधूंना विचारा. गिऱ्हाईक गाडीत बसले की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न गाण्यांचाच असतो. आणि घरची मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली, तर एवढ्या लांबच्या वाटेवर वामनदादा कर्डकांची गाणी हवीतच. वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. असा टेप हौसेने बसवला, चावी फिरवली आणि दिवाच लागला नाही, तर माणूस हिरमुसतो. हिरमुसलेला माणूस लवकर फसतो, म्हणून हा लेख.

आम्ही पेशाने कारकून, मेकॅनिक नव्हे. पण वस्तीत कुणाच्या रेशनकार्डाचा, कुणाच्या लाइट बिलाचा घोळ झाला की मंडळी आमच्याकडे येतात. तशाच टेपच्याही तक्रारी आल्या. जाणकार वायरमनांकडे बसून समजून घेतले तेव्हा कळले की विजेचा हिशेब आमच्या रोजकिर्दीपेक्षा वेगळा नाही. जेवढा करंट बॅटरीतून निघतो तेवढा परत बॅटरीत आला पाहिजे. एक बाजू तुटली की खाते बंद.

बाजारातून आणलेल्या सेटच्या पाठीमागे वायरींचा झुबका असतो, तो पाहून माणूस घाबरतो. पण सेट चालू होण्यापुरत्या त्यातल्या तीनच वायरी महत्त्वाच्या आहेत. पिवळी वायर ही बॅटरीची कायमची लाइन. गाडी बंद असली तरी हिच्यात करंट असतो, कारण घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने हिच्यावर टिकतात. लाल वायर चावीची. चावीचा पहिला खटका फिरवला की हिच्यात करंट यायला हवा आणि चावी काढली की जायला हवा. काळी वायर म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट. बाकीच्या पांढऱ्या, राखाडी, हिरव्या, जांभळ्या जोड्या स्पीकरच्या. त्या चुकल्या तर आवाज बिघडेल किंवा येणार नाही, पण दिवा लागायला त्यांची गरज नाही. निळी वायर अँटेनाची किंवा वेगळ्या अँप्लिफायरची. तिला करंट देऊ नये, तिच्यातून करंट बाहेर येतो.

इथे एक सापळा आहे. हे रंग सेटच्या वायरींचे झाले. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. सेटची पिवळी आणि गाडीची पिवळी एकच, असे समजून जोडणारे हौशी कारागीर आम्ही पाहिले आहेत. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे एअरबॅगच्या वायरींचे वेष्टन किंवा कपलर बहुधा पिवळाच असतो. त्याला हातही लावू नये, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. एअरबॅग तोंडावर उघडेल.

लोकांची फसगत होण्याचे कारण सेटच्या मापात आहे. सेटची साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच ही चौकट जगभर ठरून गेलेली आहे. त्यामुळे कुणाचाही सेट कुणाच्याही गाडीच्या खाचेत बसतो. खाच एक म्हणून वायरीही एकच असणार असे वाटते. तसे नाही. या धंद्याला आता नव्वदीवर वर्षे झाली. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीचा रेडिओ ‘मोटोरोला’ नावाने विकायला काढला. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्टने काढलेला गाडीतला रेडिओ सुमारे १५ किलोचा होता, म्हणजे पंधरा किलो ज्वारीचे पोते घेऊन फिरण्यासारखेच. हे ब्लाउपुंक्ट पुढे कितीतरी वर्षे बॉश कंपनीकडे होते, आणि बॉश म्हणजे आपल्या सातपूरची ‘मायको’. २००८ पासून तिचे नावही बॉश झाले. असो, आपण वायरींकडे येऊ.

मागे आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हर भाऊंनी जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात दुसऱ्या गाडीतून काढलेला सेट एका दुकानातून बसवून घेतला. दोन दिवस वाजला, तिसऱ्या दिवशी मुका. दुकानदाराने सेट न उघडताच निदान केले, ‘‘आतला आयसी गेला, नवा घ्यावा लागेल.’’ भाऊ सायंकाळी आमच्याकडे आले. ‘‘जयभीम साहेब, गाडीचा हप्ता तोंडावर आलाय, त्यात हे. उसने मिळतील का कुठे?’’ पैशांची सोय होण्यासारखी होती, पण त्यांची मुलगी शेजारीच उभी होती. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. ती म्हणाली, ‘‘काका, पैसे राहू द्या. सेट खरंच मेलाय का ते तर बघू.’’

तिने बॅटरीचा मायनस काढला, सेट खाचेतून बाहेर ओढला, पुन्हा मायनस लावला. मग तिचे लक्ष एका बारीक गोष्टीवर गेले. अँटेनाची पिन सेटमध्ये खोचली की पडद्यावर अगदी अंधुक उजेड यायचा, पिन उपसली की तोही जायचा. वडील म्हणाले, ‘‘अँटेनाचा काय संबंध?’’ संबंध असा की अँटेनाच्या केबलवर बाहेरून जी जाळी असते ती गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. सेटला परतीची हक्काची वाट मिळत नव्हती म्हणून तो चोरवाटेने, त्या जाळीतून करंट परत पाठवू पाहत होता. म्हणजे सेट जिवंत होता, अर्थ मेला होता. काळी वायर शोधली तर ती डॅशबोर्डाखालच्या एका पट्टीला, रंगाच्या थरावरच स्क्रूने आवळलेली. गाडीच्या हादऱ्याने स्क्रू सैल झाला आणि रंगातून काही करंट जात नाही. मुलीने पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा उघडा केला, वायरीच्या टोकाला थिंबल दाबले आणि स्क्रू आवळला. सेट लागला. खर्च म्हणाल तर एक थिंबल.

त्या मुलीने नंतर आम्हाला जी तपासणी शिकवली ती घरातल्या कुणालाही जमेल. गाडीत काहीही उचकण्याआधी सेट बाहेर काढून थेट बॅटरीवर लावून पाहायचा. पिवळी आणि लाल या दोन्ही वायरी एकत्र करून, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून, प्लसला; काळी मायनसला. सेट लागला तर तो चांगला आहे आणि खोट गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. नाही लागला तर त्याच्या पाठीमागचा छोटा फ्यूज पाहायचा, समोरची पट्टी निघणारी असेल तर तिचे पितळी टोक कापसावर स्पिरिट घेऊन पुसायचे, रिसेटचे बारीक भोक असेल तर काडीने दाबायचे. एवढे करूनही मुका राहिला, तरच तो दुरुस्तीला जावा. सेट बदला म्हणणाऱ्या कारागिराला ‘‘आधी माझ्यासमोर बॅटरीवर लावून दाखवा’’ एवढे एक वाक्य म्हटले तरी पुष्कळ निदाने बदलतात.

सेट चांगला निघाला तर गाडीच्या बाजूने टेस्ट लॅम्प लावायचा. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, गाडीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. मीटर असला तर उत्तमच, पण मीटरवर पूर्ण विसंबू नये. गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. बल्ब करंट मागतो, तेव्हा कुजका जोड उघडा पडतो. सोसायटीच्या पासबुकात शिल्लक दिसते पण काढायला गेले की पैसे नसतात, तशातलाच हा प्रकार. बल्बची एक वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला आणि दुसरी आधी कायमच्या लाइनला, मग चावी फिरवून चावीच्या लाइनला लावायची. शेवटी बॅटरीचा प्लस आणि सेटची काळी वायर जिथे जोडली आहे ती जागा यांच्यामध्ये बल्ब धरायचा. तिन्ही वेळा बल्ब सारखाच लख्ख लागला पाहिजे.

कायमच्या लाइनला बल्ब लागला नाही तर फ्यूज. गाडीच्या फ्यूजच्या डबीत पाती असलेले रंगीत फ्यूज असतात. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा घालायचा. परत उडाला तर कुठेतरी वायर सोललेली आहे आणि पत्र्याला टेकते आहे, ती शोधायची. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून किंवा तांब्याची तार घालून काम भागवणारे महाभाग आहेत. फ्यूज हा बिचारा स्वतः जळून गाडी वाचवतो. त्याच्या जागी तार घातली की मग वायर जळते, डॅशबोर्ड पेटतो, आणि मागच्या सीटवर आपलीच लेकरे असतात. गॅस किट असलेल्या गाडीत तर बोलायलाच नको.

फ्यूजवरून आठवले. सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेले असते. आम्ही बीकॉमचे, आकडा दिसला की ताळा करतो. अनेक सेटच्या पाठीमागे १० अँपिअरचाच फ्यूज असतो. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी सेटमध्ये येणार १४४ वॅट आणि बाहेर काढणार म्हणे २०० वॅट! खोक्यावरचा आकडा क्षणभराचा असतो. त्या आकड्यावर भाळून जादा पैसे मोजू नयेत.

चावीच्या लाइनला करंट नसेल तर काही कारागीर सोपी पळवाट काढतात. लाल वायरही पिवळीसोबत कायमच्या लाइनला बांधून मोकळे होतात. सेट लागतो, गिऱ्हाईक खूश. पण आता सेट चावी काढल्यावरही जागाच राहतो. समजा तो अर्धा अँपिअर जरी खात राहिला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत बसेल. मग दोष बॅटरीला आणि खर्च तिच्यावर. चावीची लाइन त्याच गाडीच्या योग्य फ्यूजवरून नीट घेता येते, ती घ्यायला सांगावी. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांत कपलरमध्ये पिवळी आणि लाल यांच्या जागा उलट असू शकतात. तिथे सेट लागतो पण दर वेळी घड्याळ आणि स्टेशने विसरतो. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत चावीची वेगळी वायर सेटपर्यंत येतच नाही, चावी फिरली हा निरोप गाडीच्या संगणकाकडून येतो. अशा गाडीत वायरी न कापता त्या मॉडेलसाठी मिळणारा जोड-कपलरच वापरावा. कापली तर गाडीची वॉरंटीही वादात सापडते.

राहिला दुकानाचा प्रश्न. सेट घेताना पक्के बिल घ्यावे, त्यावर सेटचा नंबर आणि बसवण्याची मजुरी वेगळी लिहून घ्यावी. बसवणावळ ही सेवा आहे आणि सेवेतल्या कसुरीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेला फी नाही. ‘तुमची गाडी भाड्याची, तुम्ही ग्राहक नव्हे’ असे कुणी सुनावले तर गप्प बसू नये. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा माणूस या कायद्याने ग्राहकच आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. तेवढ्यानेही प्रकरण मिटू शकते.

आणि इतके करून सेट बदलावाच लागला, तर जुना सेट दुकानात ठेवून येऊ नका. तो तुमच्या मालकीचा आहे. मागून घ्या, घरी आणा आणि कधीतरी सवडीने बॅटरीवर लावून पाहा.