कात्री, खळ आणि संगणकाचा पडदा

लिहून झालेल्या मजकुरातला एखादा परिच्छेद उचलून दोन पाने अलीकडे नेऊन ठेवावयाचा असेल तर काय करावे, हा प्रश्न लेखनाइतकाच जुना आहे. बोरूने लिहिणारा कारकून सबंध पान पुन्हा उतरवून काढी. छापखान्यातला कंपोझिटर जुळवलेल्या ओळी बोटांच्या चिमटीत धरून श्वास रोखून हलवी, कारण हात जरा कापला की खिळे विस्कटलेच. वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादकाच्या मेजावर कात्री आणि खळीची वाटी असे; बातमीचा तुकडा कापावा, दुसऱ्या कागदावर चिकटवावा आणि मधली जागा शाईने सांधावी. आज शाळकरी मूल हेच काम खिशातल्या फोनवर बोटाने करते आणि त्याला 'कॉपी-पेस्ट' म्हणते. हे इतके सोपे वाटते की कोणी तरी ते बसून ठरवले असेल अशी शंकासुद्धा येत नाही. ते ठरवले गेले, त्यावर वाद झाले, आणि मराठी लिहिणाऱ्यांपुरते ते अद्याप पुरते ठरलेले नाही. येथे आम्हांला तेवढीच हकीकत सांगावयाची आहे.

आरंभीच्या संगणकांना पडदाच नव्हता. तारयंत्रासारख्या टंकयंत्रावर आज्ञा द्यावी आणि उत्तर कागदावर उमटावे, अशी रीत होती. 1969 साली केन टॉम्प्सन यांनी 'एड' नावाचा जो संपादन-कार्यक्रम लिहिला, त्यात मजकूर ओळींच्या क्रमांकांनी ओळखावा लागे. बारावी ते पंधरावी ओळ तिसऱ्या ओळीखाली न्यावयाची, तर आकडे आणि एक अक्षर टंकले की काम झाले. मात्र मजकूर डोळ्यांपुढे नसे, तो मनात धरावा लागे. गणिती डोक्याच्या माणसांना याचे काही वाटत नसे. पण पुस्तकाचे संपादन करणाऱ्या बाईने किंवा बुवाने आपल्या वाक्याला आकडा का द्यावा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

पडदा आला आणि त्याच्याबरोबर माउसही आला. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी जे प्रात्यक्षिक करून दाखवले, त्यात शब्दांवर बोट ठेवल्याप्रमाणे खूण करून ते हलवता येत होते. तथापि तेथेही क्रम असा होता, की आधी क्रियापद सांगावयाचे आणि मग कर्म दाखवावयाचे. 'हलव' म्हणावे, काय हलवावयाचे ते दाखवावे, कोठे ते दाखवावे. मराठी माणसाला हा क्रम थोडा उलटा वाटेल. आपल्या भाषेत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी. 'तो तांब्या उचल' असेच आपण म्हणतो. हा योगायोग मौजेचा आहे, कारण पुढे जी सुधारणा झाली तिने जगाच्या संगणकांना नेमकी हीच वाक्यरचना शिकवली.

आधी क्रियापद घेतले की एक अडचण उभी राहते, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. 'हलव' असे सांगून तुम्ही थबकलात, तेवढ्यात कोणी हाक मारली, परत आलात आणि टंकू लागलात. संगणक अजून कर्माची वाट पाहत बसलेला असतो आणि तुमचे प्रत्येक अक्षर तो कर्म म्हणून वाचू पाहतो. म्हणजे एकाच कळीचा अर्थ यंत्राच्या मनःस्थितीवर अवलंबून राहतो. या मनःस्थितीला इंग्रजीत मोड म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीने 1970 साली एक संशोधनकेंद्र काढले. तेथे बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 1974 साली 'ब्राव्हो' नावाचा संपादक तयार केला. छापील पान जसे दिसावयाचे तसे पडद्यावर दाखवणारा हा पहिल्या काही कार्यक्रमांपैकी एक. पण त्याला मनःस्थिती होत्या. आज्ञेच्या स्थितीत 'ई' दाबले की सगळा मजकूर निवडला जाई, 'डी' म्हणजे तो काढून टाक, 'आय' म्हणजे येथून पुढचे लिही. आता समजा, आपण लिहिण्याच्या स्थितीत आहोत असे धरून एखाद्याने 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकला. त्या शब्दाची अक्षरे चार: ई, डी, आय, टी. सगळे निवडले गेले, सगळे पुसले गेले, लिहिण्यास सुरुवात झाली, आणि दिवसभराच्या श्रमाच्या जागी पडद्यावर एकटा 'टी' उभा राहिला! ही गोष्ट त्या मंडळींत पुष्कळ वर्षे सांगितली जात असे. हसण्यासारखी आहे खरी. ज्याचा मजकूर गेला त्याला मात्र हसू आले नसावे.

त्याच केंद्रात 1973 साली लॅरी टेस्लर हे गृहस्थ आले. स्टॅनफर्डच्या परिसरात असताना त्यांनी नियतकालिकांची पाने कात्री आणि डिंक घेऊन स्वतः जुळवली होती, त्यामुळे उपसंपादकाच्या मेजावरचे काम त्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यांनी एक साधा प्रयोग केला. केंद्रात नव्यानेच नोकरीस लागलेल्या एका चिटणीसबाईंना कोऱ्या पडद्यापुढे बसवले आणि विचारले, की येथे मजकूर आहे असे समजा, अन् त्यात दुरुस्त्या कशा कराल ते दाखवा. बाईंनी संगणकाची आज्ञावली पाहिलेलीच नव्हती. त्यांनी सरळ जागा दाखवली आणि आता येथे लिहिते असे म्हटले. जे काढावयाचे त्यावरून खूण फिरवली आणि हे काढते असे म्हटले. तज्ज्ञांना विचारण्याआधी ज्याला काम करावयाचे आहे त्याला विचारावे, हे आज सगळे मान्य करतात. त्या काळी ते थोडे वेडगळ समजले जाई.

बोस्टनजवळ जिन नावाची पाठ्यपुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था होती आणि ती झेरॉक्सच्या मालकीची होती. तेथून आलेले टिम मॉट आणि टेस्लर या दोघांनी 1974-75 मध्ये त्या संस्थेच्या संपादकांसाठी ब्राव्होच्याच पायावर 'जिप्सी' हा कार्यक्रम रचला. आज आपण करतो ते जवळजवळ सगळे त्यात होते. खूण अक्षरावर बसत नसे, दोन अक्षरांच्या मधल्या फटीत बसे. त्यामुळे टंकले की तेथेच उमटे आणि 'आता लिही' असे वेगळे सांगावे लागत नसे. माउस दाबून ओढले की मजकूर निवडला जाई. निवड आधी, कृती मागून. मध्येच उठून गेलात तरी यंत्र कशाची वाट पाहत नाही. निवडलेले निवडलेले राहते, इतकेच. आमच्या मते खरा कौशल्याचा भाग याच्या पुढचा आहे. 'हलव' या एका आज्ञेचे त्यांनी दोन तुकडे केले, कापणे आणि चिकटवणे. कापलेला मजकूर यंत्र एका न दिसणाऱ्या फळीवर ठेवते. मग तुम्ही पाने उलटा, दुसरे काही लिहा, दुसरा कागद उघडा. वाटेल तेव्हा चिकटवा, वाटेल तितक्यांदा चिकटवा. पुसलेला मजकूर बाजूला ठेवण्याची कल्पना आधीच्या काही कार्यक्रमांतही होती. पण कात्री-खळीच्या ओळखीच्या नावांनी आणि मनःस्थितीच्या पाशातून सोडवून ती येथे आली. ज्यांना संगणकाचे नाव काढले की धडकी भरे, ते संपादकही थोडक्या वेळात काम करू लागले.

सर्वांनाच हे पटले असे नाही. 1976 साली बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा संपादक लिहिला, तो मनःस्थितींवरच उभा आहे, आणि त्याचा वंशज 'व्हिम' आजही अनेक निष्णात लोक हट्टाने वापरतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. जॉय यांच्यापुढे तारेवरून रडतखडत चालणारे यंत्र होते आणि माउस नव्हता. तेथे एकेक अक्षराच्या आज्ञा हीच काटकसर होती. शिवाय ज्याचा हात बसला आहे त्याला कळफलक सोडून माउसकडे जाणे हा वेळेचा अपव्यय वाटतो. या पंथांची परिभाषाही गमतीची. 'यँक' या एकाच शब्दाचा अर्थ व्हीआयमध्ये नक्कल उचलणे असा, तर 'ईमॅक्स' नावाच्या दुसऱ्या प्रसिद्ध संपादकात नेमका उलट, म्हणजे चिकटवणे असा आहे.

1980 साली टेस्लर ॲपल कंपनीत गेले. 1983 च्या 'लिसा' आणि 1984 च्या 'मॅकिन्टॉश' या यंत्रांबरोबर ही पद्धत घरोघर पोचली आणि एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळी कायमच्या ठरल्या. एक्स ही काट मारल्याची खूण, सी हे कॉपीचे आद्याक्षर, आणि व्ही ही मुद्रितशोधक घालतो त्या हंसपदासारखी, फक्त उलटी. आयबीएमने 1987 साली वेगळ्याच कळींचा नियम घालून पाहिला, पण लोकांच्या बोटांनी तो मानला नाही. टेस्लर यांच्या मोटारीच्या पाटीवर 'नो मोड्स' अशी अक्षरे असत. 2020 च्या फेब्रुवारीत ते निवर्तले.

या व्यवस्थेत एक उणीव पहिल्यापासून होती. फळी एकच. दुसरी वस्तू ठेवली की पहिली नाहीशी, आणि तीही न विचारता. अर्ध्या तासापूर्वी कापलेला परिच्छेद चिकटवण्याआधी एखादा पत्ता कॉपी केला, की परिच्छेद गेला. लिनक्सच्या यंत्रांवर पुष्कळ ठिकाणी दोन फळ्या सापडतात: नुसते निवडले तरी ते एकीवर जाते आणि माउसच्या मधल्या बटणाने उतरते. विंडोजमध्ये 2018 साली मागच्या अनेक नकला जपून ठेवण्याची सोय झाली.

फोन आल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला, कारण बोट जाड आणि अक्षर बारीक. 2007 साली आयफोन बाजारात आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्ट नव्हतेच. ते 2009 च्या जूनमध्ये आले, निवडलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांना ओढण्याच्या मुठी लावून. फळीवर काय पडून असते याकडे मात्र पुष्कळ काळ कोणाचे लक्ष नव्हते. बँकेचा खातेक्रमांक, परवलीचा शब्द, एखाद्या खाजगी पत्रातली ओळ, जे काही आपण शेवटी उचलले ते तेथे असते, आणि फोनवरचा कोणताही कार्यक्रम ते गुपचूप वाचू शके. 2020 साली आयफोनने, कोणी फळी वाचली की वर सूचना दाखवण्यास सुरुवात केली. तेव्हा अनेक नामांकित कार्यक्रम काहीही कारण नसता ती वाचत असल्याचे उघडकीस आले. 2022 पासून एका कार्यक्रमातून उचललेले दुसऱ्याने स्वतःहून वाचू पाहिले, तर आधी मालकाची परवानगी मागितली जाते. नागरिकाच्या दृष्टीने हा बदल आम्हांला कळींच्या सोयीपेक्षा मोठा वाटतो.

आता आपल्या लिपीकडे येऊ. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचे बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून चालत. पडद्यावर मराठी दिसे, पण पोटात इंग्रजी अक्षरे असत. तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक रोमन खिचडी हाती येई. कित्येक दिवाळी अंक आणि स्मरणिका अजून अशाच धारिकांत अडकून आहेत आणि त्यांचे रूपांतर करताना प्रत्येक ओळ तपासावी लागते. 1991 च्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले व हा घोटाळा मुळातून सुटण्याची वाट मोकळी झाली.

तरीही एक पेच राहिला. 'क्षि' हे आपण एक अक्षर समजतो. संगणकाजवळ ते चार चिन्हे म्हणून साठलेले असते: क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. वेलांटी डोळ्यांना सर्वांत आधी दिसते आणि साठवणीत ती सर्वांच्या मागे असते. मग खुणेने थांबावे कोठे? जुन्या नियमाप्रमाणे 'क्' हा एक घटक आणि 'षि' हा दुसरा. त्यामुळे निवड करताना जोडाक्षराच्या पोटातच कात्री लागू शके, आणि चिकटवलेल्या मजकुरात पायमोडका 'क्' एकीकडे व 'षि' दुसरीकडे पडे. 2023 सालच्या युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती आदी लिप्यांसाठी नवा नियम आला, की हलन्ताने जोडलेली व्यंजने एकच घटक मानावीत. त्याप्रमाणे 'क्षि' आता अखंड निवडला जावयास हवा. मागे खोडण्याच्या कळीची गोष्ट निराळी: पुष्कळ कार्यक्रमांत ती एकेक चिन्हच काढते, आणि आम्हांला ते योग्य वाटते, कारण चुकलेल्या वेलांटीसाठी सबंध जोडाक्षर पुन्हा टंकणे ही शिक्षाच होय. नवा नियम सर्व संपादकांत सारख्या वेगाने उतरलेला नाही. आपल्या यंत्रावर 'लक्ष्मी' हा शब्द लिहावा आणि बाणाच्या कळीने शेवटाकडून मागे यावे. दोन पावलांत शब्द संपला तर नियम पोचला, जास्त पावले लागली तर नाही.