मासेमारीचा परवाना आणि शिक्षा झालेला इसम

मुलचेऱ्याच्या आसपास ज्या पाण्यावर धानाचें पीक येतें, त्याच पाण्यांत मासळीही वाढते. तलावाचा ठेका ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असला, तरी पाळ, पाट आणि गुरांचें पिणें हीं आपल्याशींच निगडित असतात. म्हणून फौजदारी गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या इसमाचा परवाना वा ठेका तहकूब करावा कीं नाहीं, हा प्रश्न केवळ जाळें टाकणारांचा नव्हे. महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस या बाबतींत जें समजलें, तें वाचकांपुढें मांडतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, शिक्षा आणि तहकुबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा न्यायालय देतें. परवाना ही सरकारनें अटींवर दिलेली मोकळीक असते, व अट मोडल्यास ती परत घेतां येते. "एकाच गुन्ह्यास दोन शिक्षा कां?" असा आक्षेप पुष्कळ जण घेतात. सर्वोच्च न्यायालयानें १९५३ सालीं मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यांत असें ठरविलें कीं, जकात अधिकाऱ्यांनीं सोनें जप्त केलें असलें, तरी पुढील फौजदारी खटला हा त्याच गुन्ह्याचा दुसरा खटला ठरत नाहीं. परवान्याच्या तहकुबीकडेही याच दृष्टीनें पाहावें लागतें.

समुद्रकिनाऱ्यासाठीं महाराष्ट्रानें १९८१ सालीं सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. तो आपल्या तलावांस लागू नाहीं; परंतु त्यांतील तत्त्व घेण्याजोगें आहे. खोटी माहिती देऊन परवाना मिळविला असेल, किंवा सबळ कारणावांचून अटी मोडल्या असतील, तर परवानाधारकाचें म्हणणें ऐकून घेऊन अधिकारी परवाना तहकूब वा रद्द करूं शकतो. या कायद्याखालील निवाड्याचें काम पूर्वीं तहसीलदाराकडे असे. २०२१ च्या दुरुस्तीनें तें मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेलें. युरोपीय संघानें तर २००९ च्या नियमांनीं गंभीर गुन्ह्यांस गुण लावण्याची पद्धत घातली आहे. अठरा गुण चढले कीं परवाना निदान दोन महिने बंद होतो. पुन्हा पुन्हा तसेंच घडल्यास मुदत वाढत जाते, आणि नव्वद गुणांस परवाना कायमचा जातो. उलट तीन वर्षें नवा गंभीर गुन्हा न घडल्यास मागील गुण पुसले जातात.

या दोन्ही ठिकाणीं पाहिला जातो तो मासेमारींतील गुन्हा. इसमाचा सारा पूर्वेतिहास नव्हे. आम्हांस हाच भेद महत्त्वाचा वाटतो. पाण्यांत सुरुंग उडविणें किंवा विष, चुना टाकून मासे मारणें हें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. विषानें मोठ्या मासळीबरोबर बोटुकलीही मरते, आणि तेंच पाणी गुरें पितात. असा गुन्हा शाबीत झालेल्या हातांत तलाव ठेवणें म्हणजे कुंपणानें शेत खाण्यासारखें आहे.

परंतु गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाच्या दारूपायीं कोणास शिक्षा झाली, तर त्याच्या जाळ्याशीं तिचा संबंध काय? आमच्या नोकरींत असें एक प्रकरण आलें होतें. संस्थेच्या एका सभासदास दारूबद्दल दंड झाला होता. तलावावर डोळा असलेल्या कांहीं इसमांनीं संस्थेचा सबंध ठेकाच थांबवावा असा अर्ज केला. वरिष्ठांनीं एकच विचारलें, "ठेक्याची कोणती अट मोडली?" त्यास उत्तर मिळालें नाहीं, अर्ज निकालांत निघाला. एरव्हीं सुक्याबरोबर ओलेंही जळालें असतें.

वाचकांनीं तक्रार करितांना पुढील गोष्टी पाहाव्या. नुसती पोलिसांत फिर्याद झाली म्हणजे शिक्षा झाली असें नव्हे. निकालाची नक्कल जोडावी. कोणती अट मोडली तें लिहावें. विषप्रयोग असल्यास त्याच दिवशीं पंचनामा करवून पाण्याचा व मेलेल्या मासळीचा नमुना पंचांसमक्ष मोहरबंद करवावा. एकाच्या अपराधास्तव संस्थेस धरूं नये. संस्थेस ठाऊक असून तिनें डोळेझांक केली असेल तर गोष्ट वेगळी. न्यायालयानें ज्यास समज देऊन वा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडिलें, त्यास १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या १२ व्या कलमानें दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता लागत नाहीं. तसेंच २००६ च्या वनहक्क कायद्यानें जेथें मासळीचा सामूहिक हक्क मान्य झाला आहे, तेथें तो हक्क आहे, परवाना नव्हे. तो परवान्याप्रमाणें तहकूब करितां येत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आपल्यास लागणारी. बोडींत ओतलेली विषाची बाटली पुष्कळदां आपल्याच फवारणीच्या सामानांतून गेलेली असते. तलाव राखावयाचा, तर परवान्याबरोबर आपल्या कोठीचें कुलूपही पाहिलें पाहिजे.