वाख, लुगडी आणि लोकर

मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या आणि आसनगावच्या फलाटावरची आमची सकाळची गर्दी एका दिवसात पांगली. मुंबईतल्या एका कंपनीत मी हिशेबाचं काम करायची. पुढचं दीड वर्ष तेच काम शहापूरच्या घरातून, रात्री उशिरापर्यंत केलं. १५ ऑगस्ट २०२१ला दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, ऑफिसनं बोलावलं आणि मी राजीनामा पाठवला. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. अंगात त्राणच उरलं नव्हतं. कॉलेजात असताना रुमाल, उशांचे अभ्रे, जे मिळेल त्यावर भरतकाम करायची; नोकरी लागल्यापासून सुई हातात आली ती फक्त बटण लावायला.

हातकामाकडे परतायची सुरुवात अंबाडीपासून झाली. मुरबाडकडे मावशीच्या शेताच्या बांधावर ती असते. पावसाळ्यात तिच्या पाल्याची आंबट भाजी होते. फुलोऱ्यावर आली की ताटं कापायची, मोळ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पंधरवड्यात साल कुजून सुटते. वास असा की जेवण जात नाही. तीच साल धुऊन वाळवली की हाताला लखलखीत वाख लागतो. मावशीनं मला दोर वळायला बसवलं. एकेक पदर उजवीकडे पिळायचा आणि दोन्ही पदर एकमेकांभोवती डावीकडे वळायचे. दोन्ही पदरांचा पीळ सुटू पाहतो आणि त्या ओढीनंच ते एकमेकांना घट्ट धरतात. नवा वाख पदर संपण्याआधीच मिसळायचा, तोही दोन्ही पदरांत एकाच जागी नाही, नाहीतर दोर तिथंच दगा देणार. मावशी माझा दोर निरखून बघायची नाही, दोन्ही हातांनी ओढून बघायची. दरवर्षी स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देऊन साहेबाच्या सहीची वाट बघणाऱ्या मला ही परीक्षा फार आवडली.

त्या हिवाळ्यात आजीच्या पेटीतली लुगडी निघाली. गोधडीला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच हवं. सिंथेटिक साडी सरकते, तिचे थर एकमेकांना धरत नाहीत. शेजारच्या काकूंनी थर अंथरून कच्चे टाके घालून दिले. मग मी कडेनं धावदोरा घालत चौकोनाच्या आत चौकोन अशी मध्याकडे निघाले. हिरव्याशेजारी जांभळा काठ शोभेल की नाही, एवढ्या एका प्रश्नावर एक अख्खी दुपार गेली. काकू म्हणाल्या, "अगं, अंगावर घ्यायचीय, भिंतीला टांगायची नाही!" पण कुणाला न विचारता काहीतरी ठरवायची माझी सवयच मोडली होती. ती त्या दुपारी थोडी परत आली.

पुढे वाचनात आलं की ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३मध्ये ब्रिटनमधल्या एका नियतकालिकात छापून आली होती. जे जास्त वेळा विणायला बसतात त्यांनी मन शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं होतं. असेल. ओट्यावर गोधड्या शिवत बसणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना मात्र तसं कुणी कधी विचारलेलं नाही. विचारलं तर त्या आधी पाठदुखीबद्दल सांगतील.

कोरोनानंतर मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा पुन्हा भरली तेव्हा बैलबाजाराच्या धुळीतून वाट काढत मी घोंगड्यांपाशी पोचले. दख्खनी मेंढीची लोकर, धनगर बायांच्या हातचं सूत, सांगरांच्या मागावरचं विणकाम आणि वर चिंचोक्याची खळ. हाताला खरखरीत, पण पाऊस अडवणारं. टकळीवर सूत काढायचं खूळ तिथून डोक्यात शिरलं. वडील शाळेत सूतकताई शिकलेले; त्यांनी न बघता धागा ओढून दाखवला आणि मला आठवडाभर टोमणे मारले.

मग ऑर्डरी आल्या. एका मैत्रिणीनं फोटो पुढे पाठवले आणि लोक तारखा मागू लागले. मी वहीत रकाने आखले, रात्री जागले आणि ऑफिसमध्ये असताना धरायचा तोच खांदा पुन्हा धरला. आता एका वेळी एकच गोधडी घेते आणि तारीख देत नाही. सकाळी गावातल्या दोन दुकानांचे हिशेब लिहिते, घर त्यावर चालतं. टाक्यांचे तास धरले तर गोधडीची खरी किंमत कुणाला परवडणार नाही, हे हिशेबनिसाला वेगळं सांगायला नको.

मावशी अजून म्हणते, "बाजारात नायलॉनचं दावं मिळतं, तू वळत कशाला बसतेस?" बांधावर अंबाडी मात्र ती यंदाही पेरणार आहे.