निराधाराची फाइल कोण धरणार?

जानेवारी 2020 मध्ये साईबाबांच्या जन्मस्थळावरून वाद पेटला आणि परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे नाव सगळ्या वाहिन्यांवर झळकले.  पण या तालुक्याच्या गावात बारमाही गर्दी असते ती तहसीलमधल्या ‘संजय गांधी’च्या टेबलापाशी.

विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, मागेपुढे कुणी नसलेले यांच्यासाठी राज्याने 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. 2023 मध्ये महिन्याचे अनुदान 1,000 वरून 1,500 रुपये झाले. दुसरी आवकच नसलेल्या घरात किराण्याची उधारी त्यावरच फिटते.

पण अट बघा. दिव्यांग सोडले, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. रोज 300 रुपये धरला, तर निंदायला जाणारी बाई 70 दिवसांत ही मर्यादा गाठते. हा आकडा धरून बसणे म्हणजे गरिबाला खोटा दाखला काढायला लावणे, असे माझे मत आहे.

आता कागदांचे घ्या. समजा, एका विधवेचे नाव आधारवर कमल, रेशनकार्डावर कमलबाई आणि बँकेच्या पासबुकात कमळाबाई आहे. झाले, प्रतिज्ञापत्र आले. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नगर परिषदेत, उत्पन्नाचा तहसीलमध्ये. दिव्यांग असेल तर प्रमाणपत्रासाठी मानवतमार्गे परभणीची एसटी. मग अर्ज तालुका समितीपुढे. मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. जोडणी जुन्या, विसरलेल्या खात्याला असेल तर बाई इकडे वाट बघते आणि रक्कम तिकडे पडून राहते. वर्षाला हयातीचा दाखला द्यायचा. तो राहिला की जित्या माणसाचे अनुदान थांबते.

प्रत्येक टेबलाला आपल्यापुरता कागद ठाऊक. अख्खे माणूस कुणाच्याच नजरेत नाही. माणसाची परिस्थिती समग्र समजून घेऊन मदत आखण्याचे शास्त्र अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी 1917 च्या ‘सोशल डायग्नोसिस’मध्ये मांडले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 साली मुंबईत निघाली तीच समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठी. तिच्या पुढाकाराने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तिथे तक्रार लिहून घेतली की संपले, असे होत नाही. पोलीस, सासर, वकील, निवारा या सगळ्यांशी बाईच्या वतीने समाजकार्यकर्ती बोलते.

छोट्या गावात हे काम कधी आशाताई करतात, कधी बचतगटातली एखादी धीट बाई. नाहीतर दलाल. त्याला सगळी टेबले, सगळे साहेब, सगळे कागद पाठ असतात. केस सांभाळण्याचे कौशल्य त्याच्यापाशी नक्कीच आहे. फक्त त्याची फी निराधाराच्या अनुदानातून जाते.

मराठवाड्यात समाजकार्याचे पदवीधर कमी नाहीत. त्यांतली एक जण नेमावी. दर अर्जदाराच्या नावाने तिने वही ठेवावी आणि पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. पाथरी नगर परिषदेने पुढच्या अंदाजपत्रकात तिच्या पगारापुरती तरतूद करावी.