१०८ सेकंदांचा हिशेब

अमेरिकेत वकिली करायला आलेल्या आपल्या मुलांना पहिली धास्ती असते ती इथला कायदा नवा असण्याची. मला मात्र त्यांना पाठ असलेल्या कायद्याची जास्त काळजी वाटते. मी पुण्यात एलएल.बी. केलं, इथे एलएल.एम. करून न्यूयॉर्कची बार परीक्षा दिली. आता शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या माझ्या घरी या परीक्षेची तयारी करणारी मराठी मुलं-मुली येतात. घड्याळ लावून त्यांच्यासोबत बसताना जे दिसतं, ते सांगते.

परीक्षा दोन दिवसांची. पहिला दिवस लेखी उत्तरांचा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे फेब्रुवारी किंवा जुलैच्या शेवटच्या बुधवारी, ‘मल्टिस्टेट बार एक्झामिनेशन’, अर्थात एमबीई. सकाळी तीन तासांत १०० बहुपर्यायी प्रश्न आणि दुपारी तीन तासांत आणखी १००. राज्यघटना, करार, टॉर्ट, पुरावा, स्थावर मालमत्ता, फौजदारी आणि २०१५ मध्ये आलेली दिवाणी प्रक्रिया, असे सात विषय सरमिसळ करून विचारतात. आपल्याकडच्या ऑल इंडिया बार परीक्षेतही १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, पण तिथे बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतो. इथे पुस्तकाला हात लावायची सोय नाही.

तीन तासांचे सेकंद होतात १०,८००. म्हणजे एका प्रश्नाला १०८. हा आकडा कळला की मुलं प्रत्येक प्रश्नानंतर मान वर करून घड्याळ बघू लागतात आणि पुढच्या प्रश्नात लक्षच लागत नाही. म्हणून मी अर्ध्या अर्ध्या तासाचे टप्पे धरायला लावते : १७, ३४, ५०, ६७, ८४. तेवढ्याच ठिकाणी घड्याळ बघायचं. एखाद्या टप्प्यावर दोन-तीन प्रश्न मागे असलात तर घाबरायचं कारण नाही. पाच-सहा मागे असलात तर पुढच्या अर्ध्या तासात अडलेला प्रश्न लगेच सोडून द्यायचा.

सोडून देणं आपल्या हुशार मुलांना सगळ्यात जड जातं. मालमत्तेच्या प्रश्नात आजोबांनी शेत मुलाला दिलेलं असतं, मुलाने गहाण टाकलेलं असतं, मधे कुणीतरी दस्त नोंदवलेलाच नसतो. मुलं चार-चार मिनिटं त्यात अडकतात. या २०० प्रश्नांपैकी २५ चाचणीचे असतात, त्यांचे गुण धरतच नाहीत, आणि ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. विचित्र वाटणाऱ्या प्रश्नावर घालवलेली चार मिनिटं कदाचित शून्य गुणांसाठी गेलेली असतात. शिवाय चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तेव्हा चारातले दोन पर्याय खोडा, उरलेल्यांतला एक निवडा, गोल काळा करा, खूण ठेवा आणि पुढे जा. गोल रिकामा ठेवून पुढे जाऊ नका. एक गोल सुटला की पुढची उत्तरं एकेका ओळीने सरकतात आणि ते उशिरा लक्षात येतं.

मग वाचलेला वेळ द्यायचा कुठे? इथे माझं म्हणणं मुलांना आधी पटत नाही. तो द्यायचा ओळखीच्या प्रश्नाला.

समजा, हरवलेलं पाकीट कुणी आणून दिलं आणि मालकाने नंतर बक्षिसाचं वचन दिलं. भारतीय करार कायद्याच्या कलम २५ खाली असंच उदाहरण दिलेलं आहे, आणि तिथे हा करार ठरतो. पुण्यात शिकलेलं मूल वीस सेकंदांत ‘हो’वर खूण करून मोकळं होतं. अमेरिकी कॉमन लॉचा सर्वसाधारण नियम उलटा आहे : आधीच होऊन गेलेल्या कामाचा मोबदला वचनाला बांधील करत नाही. कबुलीजबाबाचंही तेच. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. इथे मात्र १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे हक्क सांगितलेले असतील आणि आरोपी स्वेच्छेने बोलला असेल, तर ती कबुली पुराव्यात येऊ शकते. अशा प्रश्नावर मुलं सुसाट सुटतात. उत्तर पटकन सुचलं तर तिथेच थांबून, हा नियम कोणत्या देशाचा, एवढं स्वतःला विचारायला दहा सेकंद पुरतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं, आपलं इंग्रजी वाचन सावकाश, म्हणून वेळ पुरत नाही. मला दिसतं ते वेगळं. ती घाईघाईने वाचतात, मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचतात. शेवटची ओळ, म्हणजे नेमकं काय विचारलंय, ती आधी वाचली आणि मग गोष्ट एकदाच नीट वाचली, तर वेळ वाचतो.

सराव घड्याळाशिवाय सुरू करावा. महिनाभर फक्त उत्तर का चुकलं ते शोधायचं, त्याला प्रश्न सोडवण्यापेक्षा जास्त वेळ लागला तरी चालेल. मग अर्ध्या तासात १७ प्रश्न, मग तासाला ३४. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत निदान दोन बुधवारी पूर्ण २०० सोडवावेत, मधे जेवणाची सुट्टी घेऊन. दुपारी तीननंतर डोळे ओळीवरून घसरू लागतात, याचा अनुभव घरी घेतलेला बरा. त्या सुट्टीत सकाळची उत्तरं कुणाशीही जुळवू नका. डबा घ्या, जरा बाजूला बसा आणि जेवा.